सिनेमात न हसलेली सासू

३ मार्च, रविवार

नाही, हसले नाही. एकदाही नाही. पोरगा घरी सोडायला आला तेव्हा जिन्यात तीनदा विचारून झालं त्याचं, "आई, हसलीस ना गं मधेमधे?" त्याला म्हटलं, हो रे, हसले असेन अंधारात. इथं खरं लिहिते — जांभया दिल्या. सात.

तशी मला हसायला फार काही लागत नाही. समोरचा माणूस जिन्यात घसरला तर मी आधी हसते आणि मग हात देते. पण हा सिनेमा म्हणजे! विनोदी म्हणे. सगळ्या थिएटरात मिळून अकरा माणसं, त्यातला एक झोपायलाच आलेला. हे असते तर सिनेमाची पाटी पडायच्या आधी घोरायला लागले असते, आणि या वेळी मी कोपर मारलं नसतं.

गोष्ट काय, तर नवरा-बायकोला मूल होत नाही. म्हणून त्यांचं मूल दुसरी एक बाई आपल्या पोटात वाढवणार. डॉक्टर तशी सोय करतात हल्ली. पण घरात सासू! तिला कळू द्यायचं नाही. मग त्या दुसरीला मिशा लावून, माळी म्हणून बागेत ठेवतात. आणि बायको आपली पोटावर उशी बांधून हिंडते. सासूच्या हातात काठी. दर दहा मिनिटांनी ती बेशुद्ध पडते. चार वेळा पडली. चौथ्या वेळेला मला तिच्या कमरेची काळजी वाटायला लागली.

उशी बघून तर माझं डोकंच फिरलं. बत्तीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते, उसवते, वाढवते. पोटुशी बाईचा झगा कसा पडतो ते मला झोपेत विचारा. पुढून आखूड होतो, बाजूची शिवण पोटाकडं ओढली जाते. ही बया नवव्या महिन्यात, आणि खालचा काठ फुटपट्टीनं आखल्यासारखा सरळ. एकदा तर वाकली तेव्हा उशीचा कोपरा दिसला. पोटाला कोपरा!

आणि जी खरी पोटुशी, ती मिशीवाली, तिला अख्ख्या सिनेमात कुणी विचारत नाही, बाई गं, पाठ दुखते का, जेवलीस का. नऊ महिने एका गाण्यात उरकले. शेवटी बाळ हातात आल्यावर ती कुठं गेली तेही दाखवलं नाही. मिशी तेवढी गवतात पडलेली.

मजा पडद्यावर नव्हतीच. मजा माझ्या दोन्ही बाजूंना बसली होती. डावीकडं पोरगा, उजवीकडं सूनबाई. दोघंही सिनेमा सोडून माझ्याकडं बघत होते. इंटर्व्हलला पोरगा म्हणतो, "आई, कसा वाटतोय?"

"काय, सिनेमा की पॉपकॉर्न?"

"सिनेमा. म्हणजे विषय."

"गावच्या शाळेत सातवी शिकलेल्या बाईला विषय काय विचारतोस. पॉपकॉर्न खारट आहे."

सूनबाईनं पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. इंटर्व्हलपर्यंतची ही तिसरी. का बरं?

४ मार्च, सोमवार

दुकानात आल्या आल्या टाचणीला सिनेमा सांगितला. टाचणी म्हणजे आमचा मालक. तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळं ओठ न हलवता बोलायला शिकलाय. ह्यांचा जुना दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणतो. मी मास्तर म्हणते. मागं टाचणी.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, यात नवीन काय? आपलं दुकान असंच चालतं. कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई आपली, आणि तयार झालं की ज्याचं त्याला द्यायचं."

"आणि देताना जीव अडकला तर?"

"कोटात?"

मी इतकी हसले की सुई कुठं टोचली कळलं नाही. अख्ख्या सिनेमापेक्षा हा बरा.

मग एका पँटची कंबर उसवत बसले होते, आणि हात थांबला. पोरगा सिनेमा बघत नाही. सूनबाईला गर्दी चालत नाही, अंधार चालत नाही, मोठा आवाज तर मुळीच चालत नाही. मग हे दोघं रविवारची दुपार मोडून मला तिथं का घेऊन गेले? तीन वेळा दवाखान्यातून हात हलवत परत आलेली पोरगी मुलाबाळांचा सिनेमा बघायला आपणहून कशी जाईल?

असं आहे होय!

यांनी कुणी बाई बघितलीय. नुसती बघितली नाही, काम पुढं गेलंय. आणि ते त्यांना मला सांगायचंय. तोंडानं सांगवत नाही, म्हणून सिनेमाकडून सांगून घेत होते!

आता खरं तर फोन करून म्हणायला पाहिजे, बाळांनो, कळलं. आनंद झाला. पण मी माझी मला ओळखते. यांनी मला तीन तास छळलं, आता माझी पाळी. तोंडानं सांगू देत. तोवर मी काही बोलणार नाही.

७ मार्च, गुरुवार

पोराचा फोन. "आई, काय करतेस?"

"बेशुद्ध पडायचा सराव करते. काठी आणायचीय अजून."

मग म्हणतो, "आई, सिनेमातलं सगळं खरं नसतं. सगळ्या सासवा तशा नसतात."

"हो? कोण नसते?"

"दार वाजतंय," म्हणाला आणि फोन ठेवला. दार नव्हतं वाजत. त्याच्या दाराची घंटा मी ओळखते. मीच बसवून घेतलीय.

१० मार्च, रविवार

लिहायला हात शिवशिवतायत दुपारपासून.

दोघं जेवायला आले. सूनबाईच्या अंगात घोळदार झगा. एक हात कमरेवर, चाल बदकासारखी. पोरानं खुर्ची ओढली, तिला बसवलं, घसा खाकरला. मला वाटलं, चला, आला एकदाचा मुद्द्यावर.

"आई, एक गोड बातमी आहे. चौथा महिना लागलाय हिला."

मी बघतच राहिले. तिच्याकडं नाही, झग्याकडं. छातीपासून सरळ खाली आणि मग एकदम फळी बसवल्यासारखं पुढं. बाजूची शिवण जागच्या जागी. काठ सरळ. चमचा उचलायला वाकली, तर पोट आधी राहिलं आणि मग तिच्या मागून आलं.

विकतचं पोट! त्या सिनेमातल्यासारखं!

लोक सिनेमा बघून शहाणे होतात म्हणतात. ही दोघं सिनेमा बघून घाबरली आणि त्यातलीच चूक करायला निघाली. बरं, फसवायचं कुणाला, तर जिनं बत्तीस वर्षं बायकांच्या कमरेला टेप लावली तिला! दुसऱ्या कुणाच्या पोरानं केलं असतं तर म्हटलं असतं, बिनडोक आहे. हा माझा आहे. बिनडोकच आहे.

मी काय केलं? उठले, तिच्या गालावरून हात फिरवला, म्हटलं, "जप हो. चौथ्यात फार वाकू नये. जागचं हलतं."

तिचा चेहरा पांढरा झाला. पोरानं पाणी उलट्या पेल्यावर ओतलं.

पुढं हसत हसत भांडी घासली. घासताना मधेच थोडं दुखलं. म्हणजे खरं सांगण्यापेक्षा यांना हे सोपं वाटलं.

१२ मार्च, मंगळवार

सूनबाईचा फोन. "आई, पाय सुजलेत हो." चौथ्यातच! म्हटलं, पायाखाली उशी घे. जास्तीची असेल ना घरात एखादी?

१६ मार्च, शनिवार

आता माझीच कल्पना मला आवडली. पोराला कळवलं, सूनबाईला म्हणावं दुकानात ये, माप देऊन जा, मोठे झगे शिवून देते. तो म्हणतो, तयार घेऊ. म्हटलं, शिवणाऱ्या बाईची सून तयार कपडे घालणार? मग तुझ्या तयार शर्टांना बटणं पण दुकानदाराकडून लावून घे यापुढं.

म्हणाला, विचारतो तिला.

टाचणीला सगळं माहीत आहे, मीच सांगितलंय. आज तोंडातल्या टाचण्या काढून बोलला. म्हणजे बात गंभीर. "वहिनी, कळलंय म्हणून सांगून टाका ना त्यांना."

"मग मजा काय राहिली?"

"मजा तुमची. घाम त्या पोरीचा."

आणि टाचण्या परत तोंडात. मी सुईत दोरा ओवायला घेतला. ती आधीच ओवलेली होती.

२१ मार्च, गुरुवार

आली. एकटीच. बसनं.

पडदा ओढून तिला आत घेतलं, टेप काढली. म्हटलं, हात वर कर. डोळे मिटले तिनं. इंजेक्शन घेताना मिटतात तसे. मी टेप पोटावरून फिरवली. बोटाला कडा लागली, त्याखाली पट्टा. मी आकडा वाचला, वहीत लिहिला. छातीचं माप घेताना टेपखाली तिचं काळीज धडधडत होतं, ते मात्र खरं होतं.

तयारी केली होती मी. दोन-तीन वाक्यं आदल्या दिवशीच घोळवून ठेवली होती, ऐकून टाचणी टाचण्या गिळेल अशी. पण हात वर केल्यामुळं झगा बाजूनं उचलला गेला आणि कातडी दिसली. पट्ट्याच्या कडेनं लालभडक वळ उठला होता. बोटभर रुंद. स्वस्तातलं इलास्टिक, आत अस्तर नाही, तेच घालून बसमध्ये तासभर बसलेली. माझ्यासाठी.

मी टेप गुंडाळून ठेवली.

"झालं का आई?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"झालं बाळ. बस जरा. चहा सांगते."

चहा पिताना ती शिवणयंत्राकडं बघत होती. एकदम म्हणाली, "तुम्हाला हा सिनेमा अजिबात नाही ना आवडला?" मी म्हटलं, नाही. तिनं मान हलवली. जणू भीती होती तेच उत्तर तिला मिळालं.

२३ मार्च, शनिवार

दोन दिवस दुकान सुटल्यावर शिवतेय. टाचणीनं विचारलं, कुणाचं काम? म्हटलं, घरचं. त्यानं कपाटातून मऊ सुती तागा काढून दिला आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "आतून हे लावा. घाम धरत नाही."

२४ मार्च, रविवार

मीच गेले त्यांच्याकडं. न सांगता. सूनबाई आत पळाली आणि तीन मिनिटांत पोट घालून बाहेर आली. घाईत थोडं डावीकडं बसलं होतं.

मी टेबलावर पुडकं ठेवलं. म्हटलं, उघड.

तीन पोटं होती. पाचवा, सातवा, नववा. मऊ कापसाची, आत वजनाला तांदळाच्या थैल्या, रुंद पट्टे पाठीवर फुलीसारखे येणारे, कुठं काचणार नाही असे. मागं खडूनं आकडे घातलेले. नवव्याला बेंबीच्या जागी बटण शिवलं होतं. तेवढी गंमत मला सोडवली नाही.

पोराचं तोंड उघडं. मग बारीक आवाजात म्हणतो, "आई, तुला कधी कळलं?"

"दहा तारखेला उशी कळली. बाकीचं त्याच्या आधी."

सूनबाईनं ते बटण दाबून बघितलं. आणि सुटलीच. इतकी हसली की भिंतीला टेकत टेकत खाली बसली. हसता हसता रडली, रडता रडता विकतचं पोट ओढून काढलं आणि खिडकीखाली भिरकावलं. पोरगा कुणाला धरावं न कळून पाण्याचा जग धरून उभा.

मग सगळं सांगितलं. एक बाई आहे. शाळेची बस चालवते. तिची स्वतःची दोन मोठी मुलं आहेत. मूल या दोघांचंच, वाढतंय तिच्या पोटात, पाचवा लागलाय. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक. सूनबाईच्या ऑफिसात माहीत आहे, तिच्या आईला माहीत आहे, वरच्या मजल्यावरच्यांनासुद्धा माहीत आहे.

"म्हणजे ही उशी फक्त माझ्यापुरती?"

पोरानं मान खाली घातली. "आम्ही ठरवलं होतं, सिनेमा विनोदी आहे, तू हसशील, खूश होशील, मग घरी येताना सांगून टाकू. पोस्टर चांगलं होतं गं. आत ती सासू आहे हे आम्हाला काय माहीत? आणि तू हसलीच नाहीस. एकदासुद्धा नाही. आम्हाला वाटलं, विषयच पटला नाही हिला. रागावली."

काय म्हणावं आता! सिनेमा भिकार होता म्हणून हसले नाही, आणि त्यापायी माझ्या सुनेच्या कमरेला वळ. त्या सिनेमावाल्याला गाठून एकदा माप घ्यायला पाहिजे त्याचं.

"अरे, पण मी कधी रागावले तुमच्यावर?" मी म्हटलं.

पोरानं सूनबाईकडं बघितलं. सूनबाई पुडक्याच्या कागदाची घडी घालत होती. फार नीट घातली.

३१ मार्च, रविवार

आज सूनबाईबरोबर जाऊन त्या बाईला भेटले. बसच्या डेपोत. आज सुट्टी, पण बस धुवायला आली होती. ही उंच, ही रुंद, आणि आवाज असा की हॉर्नची गरज नसावी. मला बघून म्हणते, "काकू, तुम्हीच ना त्या बेशुद्ध पडणाऱ्या?"

म्हणजे सूनबाईनं सगळं सांगितलंय. मी म्हटलं, "आणि तुम्हीच त्या मिशीवाल्या?"

झालं. जुळलं आमचं.

तिनंही तो सिनेमा बघितला होता. एकटी गेली होती, आपल्यावर काय काढलंय बघू म्हणून. इंटर्व्हलला उठून आली. "मला वाटलं होतं, एकदा तरी कुणी त्या बाईला विचारेल, कशी आहेस."

"पाठ दुखते का?" मी विचारलं.

"मरणाची. सीट बघा ना, दगड आहे नुसता."

मी पिशवीतून नववा महिना काढला. सूनबाईनं आदल्या दिवशीच परत दिला होता, मला नको म्हणून. तांदळाच्या थैल्या काढून घेतल्या होत्या मी. बटणासकट तो सीटवर पाठीमागं बसवला. बाई चढली, टेकली, डोळे मिटले. "काकू, याचं पेटंट घ्या."

मग एकदम म्हणाली, "ए, लाथ मारतंय. या, या लवकर."

सूनबाई पायरीवर माझ्या पुढं होती. हात पुढं केलेला. तिनं तो मागं घेतला, बाजूला सरकली आणि म्हणाली, "आधी आई."

मी हात ठेवला. आत कुणीतरी दार ठोठावल्यासारखं दोनदा.

परत येताना बसमध्ये सूनबाई शेजारी बसली. म्हणाली, "आई, बाळ आलं की दोन महिने आमच्याकडं राहाल? मला काही येत नाही हो. तुम्ही असलात तर धीर येईल." मला नेहमीसारखं काहीतरी पटकन बोलता आलं असतं. म्हटलं, दुकानात विचारते.

२ एप्रिल, मंगळवार

टाचणी म्हणाला, दोन काय, चार महिने जा. मग म्हणाला, "पण वहिनी, एवढी हसरी बाई तुम्ही. त्या पोरांना तुमची भीती कशाची वाटली?"

म्हटलं, मी वाघीण आहे. तो हसला. मी यंत्र सुरू केलं.

४ एप्रिल, गुरुवार

भीती कशाची ते मला माहीत आहे. इथंसुद्धा आजवर लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं तिसरं गेलं, दवाखान्यातून आणून तिला आतल्या खोलीत निजवलं, आणि मी स्वयंपाकघरात पोराला म्हटलं, "हिच्याकडून काही होणार नाही. तू अजून तरुण आहेस, दुसरी बघ." पोरगा आजही समजतो की दार चुकून उघडं राहिलं आणि तिच्या कानावर गेलं. दार उघडं आहे हे मला दिसत होतं. तिला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्यानं बोलले.